परदेशी तंत्रज्ञ, मानेसरचे कारखाने आणि सरकारची परवानगी

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर गुरुग्राम मागे पडले की मानेसरची औद्योगिक वसाहत लागते. होंडाच्या दुचाकींचे उत्पादन येथे २००१ मध्ये, तर मारुती सुझुकीच्या मोटारींचे उत्पादन २००७ च्या सुमारास सुरू झाले. या दोन मोठ्या कारखान्यांच्या आधाराने सुटे भाग बनविणाऱ्या अनेक उद्योगांनी येथे बस्तान बसविले. या कारखान्यांबरोबर जपानी व्यवस्थापक आणि अभियंतेही आले. काही जण दोनचार वर्षांसाठी येतात, तर काही जण एखादे यंत्र बसवून देण्यापुरते चार आठवडे राहून परततात.

परदेशी माणसाला कामावर ठेवायचे असेल, तर कारखान्याच्या मालकाला सरकारची परवानगी लागते काय? सर्वसामान्य समज असा आहे, की कामगार खात्याच्या कार्यालयात अर्ज करावा लागत असेल आणि तेथून होकार किंवा नकार येत असेल. वस्तुस्थिती वेगळी आहे. काही अपवाद सोडले तर परदेशी कर्मचारी नेमण्याचा परवाना मालकाला देणारे कार्यालय भारतात नाही. परवानगी मिळते ती कर्मचाऱ्याला, आणि तीही भारताच्या परदेशातील वकिलातीकडून, त्याच्या पारपत्रावरील व्हिसाच्या रूपाने. मालक या व्यवहारात प्रायोजक असतो. हा भेद केवळ कागदोपत्री वाटला, तरी त्याचे परिणाम कारखान्यातील प्रत्येकाला जाणवतात.

व्हिसाच्या अटी

नोकरीसाठी भारतात येणाऱ्या परदेशी नागरिकास एम्प्लॉयमेंट व्हिसा घ्यावा लागतो. तो देण्याचे नियम केंद्रीय गृह मंत्रालय ठरविते. नेमणूक करणारी कंपनी वा संस्था भारतात नोंदणीकृत असावी, किंवा तिला भारतातील कामाचे कंत्राट मिळालेले असावे, ही पहिली अट. येणारी व्यक्ती उच्चशिक्षित वा विशेष कौशल्य असलेली असावी. ज्या कामासाठी पात्र भारतीय मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत, अशा कामासाठी तसेच कारकुनी व नित्याच्या कामासाठी हा व्हिसा देऊ नये, असे नियम सांगतात. अर्ज करायचा तो आपल्या मूळ देशातून, किंवा ज्या देशात दोन वर्षांहून अधिक काळ कायम वास्तव्य आहे तेथून. पर्यटक वा व्यावसायिक व्हिसावर भारतात यायचे आणि नोकरी मिळताच तो बदलून घ्यायचा, हा मार्ग सर्वसाधारणपणे बंद आहे.

व्हिसा १८० दिवसांपेक्षा अधिक मुदतीचा असल्यास भारतात पोहोचल्यापासून १४ दिवसांच्या आत विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागते. पूर्वी यासाठी कागदांचे गठ्ठे घेऊन रांगेत उभे राहावे लागे. २०१८ पासून ही कामे बव्हंशी इंटरनेटद्वारे होऊ लागली. मुदतवाढ मिळू शकते, मात्र व्हिसा दिल्यापासून एकूण पाच वर्षांच्या मर्यादेतच.

या अटींतील सर्वांत महत्त्वाची अट वेतनाची आहे. परदेशी कर्मचाऱ्याचे वार्षिक वेतन २५ हजार अमेरिकी डॉलरपेक्षा अधिक असावे, असा नियम २००९-१० च्या सुमारास लागू झाला. पुढे ही रक्कम रुपयांत ठरविण्यात आली. ती झाली १६ लाख २५ हजार, म्हणजे महिन्याला सुमारे १ लाख ३५ हजार रुपये. परदेशी खाद्यपदार्थ बनविणारे आचारी, इंग्रजीखेरीज अन्य परदेशी भाषांचे शिक्षक व अनुवादक आणि वकिलातींतील कर्मचारी यांना या अटीतून सूट देण्यात आली. गुरुग्राममधील जपानी उपाहारगृहात जपानी आचारी आणि मानेसरच्या कारखान्यात जपानी दुभाषी कमी वेतनावरही काम करू शकतो, तो या सवलतीमुळेच.

येथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. २५ हजार डॉलरचे १६ लाख २५ हजार रुपये होतात ते डॉलरचा दर ६५ रुपये धरला तर. २०२५ मध्ये डॉलर ८५ रुपयांच्या पुढे गेला. म्हणजे डॉलरमध्ये मोजल्यास ही मर्यादा सुमारे १९ हजारांपर्यंत खाली आली. कोणताही निर्णय न घेता, केवळ रुपयाच्या घसरणीने ही अट सैल झाली.

तरीही प्रत्यक्षात गाळणीचे काम करते ती हीच अट. "पात्र भारतीय उपलब्ध नसावा" हे वाक्य नियमांत असले, तरी ते तपासण्याची काटेकोर यंत्रणा नाही. मालकाने आधी जाहिरात द्यावी, किती भारतीयांनी अर्ज केले ते दाखवावे, असे बंधन त्याच्यावर नाही. वकिलातीतील अधिकाऱ्याला मानेसरमध्ये रोबोच्या साहाय्याने वेल्डिंग करणारे किती कुशल भारतीय आहेत, हे कळण्याचा मार्ग नाही. वेतनाचा आकडा मात्र नेमणूकपत्रावर स्पष्ट दिसतो. त्यामुळे सामान्य कामगाराच्या नोकरीला या अटीने चांगले संरक्षण मिळते, कारण एवढे वेतन देऊन परदेशी फिटर आणणे कोणालाही परवडणारे नाही. अनुभवी भारतीय अभियंत्याला मात्र या अटीचा उपयोग नाही. त्याच्या जागी परदेशी सहकारी आणला गेला, तर त्याने दाद मागावी असे ठिकाण नाही.

नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना हे काहीच लागू नाही. भारत आणि नेपाळ यांच्यातील १९५० च्या करारामुळे मानेसरमधील एखाद्या कारखान्याच्या फाटकावर उभा असलेला नेपाळी सुरक्षारक्षक किंवा उपाहारगृहातील नेपाळी आचारी व्हिसाशिवाय काम करतो.

२००९ ची घटना

वेतनाच्या अटीमागे एक इतिहास आहे. २००५ नंतरच्या काळात देशात अनेक वीजप्रकल्प उभे राहत होते आणि त्यांतील बऱ्याच प्रकल्पांची यंत्रसामग्री चिनी कंपन्यांची होती. यंत्रांबरोबर माणसेही आली. त्यांत अभियंते होते, तसेच वेल्डर आणि साधे मजूरही होते, आणि त्यांतील बहुतेक जण व्यावसायिक व्हिसावर आले होते. हा व्हिसा मुळात व्यापारी बोलणी, बैठका आणि पाहणीसाठी असतो. प्रकल्पांवर स्थानिकांना काम मिळत नसताना वेल्डरही परदेशातून येतो, अशी तक्रार होऊ लागली.

२००९ मध्ये केंद्र सरकारने आदेश काढला. प्रकल्पांवर काम करणाऱ्या, पण व्यावसायिक व्हिसा असलेल्या परदेशी नागरिकांनी मुदतीत देश सोडावा आणि योग्य व्हिसा घेऊन परत यावे, असे सांगण्यात आले. सप्टेंबरअखेरची ही मुदत नंतर ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढविण्यात आली. प्रकल्पावरील एकूण मनुष्यबळाच्या एक टक्का, आणि तेही कमाल २० पर्यंतच, परदेशी कुशल कर्मचारी असावेत, असे बंधनही त्या वेळी घालण्यात आले. वीजप्रकल्पांची कामे रखडू लागल्यावर २०१० मध्ये वीज आणि पोलाद या दोन क्षेत्रांसाठी प्रोजेक्ट व्हिसा हा नवा प्रकार सुरू झाला. तो त्या प्रकल्पापुरता आणि त्या जागेपुरताच असतो.

त्यानंतरच्या प्रत्येक बदलात हीच ओढाताण दिसते. दार उघडले तर स्थानिकांच्या रोजगाराचा प्रश्न उभा राहतो, आणि लावून घेतले तर यंत्रे धूळ खात पडतात.

यंत्र आले, तंत्रज्ञ अडकला

जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यातील संघर्षानंतर चिनी नागरिकांना व्हिसा मिळणे अत्यंत कठीण झाले. त्याच वर्षी सरकारने उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनांचा विस्तार केला. कारखाने उभारा आणि उत्पादन वाढवा, अनुदान मिळेल, असा या योजनांचा आशय होता. उद्योगांनी यंत्रे मागविली. त्यांतील पुष्कळशी चीनमधून आली. ती बसविणारे व चालवायला शिकविणारे तंत्रज्ञ मात्र व्हिसासाठी महिनोन्महिने ताटकळत राहिले. एका मंत्रालयाची योजना दुसऱ्या मंत्रालयाच्या दारात अडली होती. २०२४ मध्ये प्रोत्साहन योजनेतील उद्योगांसाठी ही प्रक्रिया सुलभ करण्यात आली.

यात एक गुंता नियमांतच होता. विकत घेतलेले यंत्र बसवून देण्यासाठी येणारा अभियंता हा खरे तर यंत्र विकणाऱ्या परदेशी कंपनीचा नोकर. त्याला भारतात कोणी नोकरी देत नाही. तरीही नियमानुसार त्याला एम्प्लॉयमेंट व्हिसा घ्यावा लागे. महिनाभराच्या कामासाठी नोकरीचा व्हिसा आणि त्यामागची सगळी कागदपत्रे, असा हा व्याप होता. २०२५ मध्ये या नियमात बदल झाला. यंत्रांची उभारणी, ती सुरू करून देणे, गुणवत्तेची तपासणी, प्रशिक्षण अशा कामांसाठी येणाऱ्या तज्ज्ञांना व्यावसायिक व्हिसाच्या एका विशेष प्रकारात आणण्यात आले. त्यासाठी लागणारे प्रायोजकत्वाचे पत्र कंपनीने सरकारच्या संकेतस्थळावरून तयार करावे, अशी सोय त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून झाली. २००९ मध्ये ज्या व्यावसायिक व्हिसाच्या गैरवापरावरून एवढा गदारोळ झाला, त्याच व्हिसाच्या कक्षेत, मर्यादा आखून का होईना, ही कामे परत आली.

अपवाद

मालकाला किंवा कंपनीला थेट सरकारची परवानगी घ्यावी लागते, अशी काही उदाहरणे आहेतच. वीज, पाणी व पेट्रोलियम पुरविणाऱ्या खासगी उपक्रमांत परदेशी नागरिकाने सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय नोकरी करू नये, असा निर्बंध १९४८ च्या विदेशी नागरिक आदेशात होता. २०२५ च्या नव्या आदेशातही तो कायम ठेवण्यात आला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षातील सुरक्षेची काळजी त्यामागे असावी. दुसरे उदाहरण सर्वोच्च पदाचे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार सार्वजनिक कंपनीचा व्यवस्थापकीय संचालक नेमणुकीपूर्वी किमान बारा महिने सलग भारतात राहिलेला नसेल, तर त्या नेमणुकीस केंद्र सरकारची मंजुरी लागते. तो येताना एम्प्लॉयमेंट व्हिसावरच आला पाहिजे, असेही हा कायदा सांगतो.

मालक कोण?

परवानगी पारपत्रावर असली, की एक प्रश्न अनुत्तरित राहतो. या माणसाचा मालक नेमका कोण? मानेसरमध्ये काम करणारा जपानी अभियंता अनेकदा जपानमधील मूळ कंपनीचा कर्मचारी असतो. तिने त्याला काही वर्षांसाठी भारतीय कंपनीकडे पाठविलेले असते. तो हुकूम येथील कंपनीचे पाळतो, पण त्याची सेवाज्येष्ठता, निवृत्तिवेतन आणि परतीची जागा जपानमध्येच असते.

भविष्यनिर्वाह निधीच्या बाबतीत सरकारने २००८ मध्ये नियम बदलून परदेशी कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र तरतूद केली. भारतीय कर्मचाऱ्यांना सक्तीच्या सभासदत्वासाठी वेतनाची मर्यादा असते, ती २०१४ मध्ये दरमहा १५ हजार रुपये ठरली होती. परदेशी कर्मचाऱ्यांना अशी मर्यादाच ठेवली गेली नाही. संपूर्ण वेतनावर वर्गणी भरायची, आणि ज्या देशाशी सामाजिक सुरक्षेचा करार नाही, तेथील कर्मचाऱ्याला ती रक्कम साधारणपणे वयाच्या ५८ व्या वर्षानंतरच मिळायची. चार वर्षे काम करून पस्तिसाव्या वर्षी परत गेलेल्या माणसाचे पैसे त्यामुळे दोन दशके भारतात अडकतात. जपानी कर्मचाऱ्यांची यातून सुटका झाली. भारत आणि जपान यांच्यात १६ नोव्हेंबर २०१२ रोजी झालेला करार १ ऑक्टोबर २०१६ पासून अमलात आला. पाच वर्षांपर्यंत पाठविलेला कर्मचारी आपल्या देशातील निधीचे प्रमाणपत्र दाखवून येथील वर्गणीतून मुक्त होऊ शकतो.

ही तरतूद घटनाबाह्य असल्याचा निर्णय कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये दिला. दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मात्र ती वैध ठरविली.

करांच्या बाजूनेही हाच प्रश्न आला. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगळुरूच्या नॉर्दर्न ऑपरेटिंग सिस्टिम्स या कंपनीच्या प्रकरणात असा निर्णय दिला, की परदेशी मूळ कंपनीने पाठविलेले कर्मचारी तिचेच राहतात आणि त्यांना पाठविणे ही मनुष्यबळ पुरविण्याची सेवा ठरते. तिच्यावर सेवाकर द्यावा लागेल. देशभरातील परदेशी कंपन्यांना करविभागाच्या नोटिसा जाऊ लागल्या. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाला, हा निर्णय सरसकट सगळ्यांना लावू नये, प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थिती तपासावी, अशी सूचना अधिकाऱ्यांना द्यावी लागली. व्हिसासाठी भारतीय कंपनी नेमणूक करणारी आणि करासाठी परदेशी कंपनी मालक, अशा दोन नात्यांत एकच माणूस वावरू शकतो.

मानेसरला हा प्रश्न नवा नाही. २०११ आणि २०१२ मध्ये मारुतीच्या येथील कारखान्यात जो प्रदीर्घ कामगार संघर्ष झाला, त्यात कंत्राटी कामगारांचा प्रश्न कळीचा होता. कारखान्यात तेच काम करणारा, पण ठेकेदाराच्या पटावर असलेला कामगार कोणाचा, हा तो प्रश्न. १८ जुलै २०१२ रोजी उसळलेल्या हिंसाचारात एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. जखमी झालेल्या अनेकांमध्ये जपानी अधिकारीही होते.

बाहेरचा कोण?

याच कंत्राटी कामगाराच्या बाबतीत कायदा काय सांगत होता, हे पाहिले की एक विसंगती दिसते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानुसार ठरावीक संख्येपेक्षा अधिक कंत्राटी कामगार घेणाऱ्या मालकाला सरकारकडे नोंदणी करावी लागे आणि ठेकेदाराला परवाना घ्यावा लागे. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात परराज्यातून मजूर आणण्यासाठी अशीच व्यवस्था होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितांमध्ये हे दोन्ही कायदे सामावले गेले. म्हणजे बिहारमधील शंभर मजूर मानेसरला आणायचे तर मालक आणि ठेकेदार यांनी सरकारदरबारी जायचे, आणि जपानमधील अभियंता आणायचा तर त्या अभियंत्याने वकिलातीत जायचे. पहिल्या व्यवस्थेचा हेतू मजुरांची पिळवणूक रोखण्याचा होता, हे खरे. तिची अंमलबजावणी कशी झाली, हा वेगळा विषय आहे.

हरियाणाने तर यापुढचे पाऊल टाकले होते. दरमहा ३० हजार रुपयांपर्यंत वेतनाच्या खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के जागा राज्यातील उमेदवारांसाठी राखून ठेवणारा कायदा तेथे १५ जानेवारी २०२२ रोजी लागू झाला. आवश्यक कौशल्याचा स्थानिक उमेदवार मिळत नसेल, तर मालकाने अर्ज करायचा आणि नियुक्त अधिकाऱ्याने चौकशी करून सूट द्यायची, अशी तरतूद त्यात होती. परदेशी कर्मचाऱ्यासाठी जी कसोटी कागदावरच राहिली, ती येथे उत्तर प्रदेश वा महाराष्ट्रातून आलेल्या भारतीयासाठी प्रत्यक्षात आणली जाणार होती. उद्योजकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने १७ नोव्हेंबर २०२३ रोजी हा कायदा घटनाबाह्य ठरवून रद्द केला. भूमिपुत्रांच्या प्रश्नावर अनेक दशके चर्चा ऐकलेल्या महाराष्ट्रातील वाचकांना यातील युक्तिवाद ओळखीचे वाटतील.

इतर देशांची रीत

अन्य अनेक देशांत व्यवस्था उलट आहे. अमेरिकेत एच-१बी व्हिसासाठी आधी मालकाला कामगार खात्याकडून वेतनाविषयीचा अर्ज प्रमाणित करून घ्यावा लागतो, मग त्यालाच याचिका दाखल करावी लागते. कर्मचारी वकिलातीत जातो तो सर्वांत शेवटी. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या याचिकांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले, तेव्हा ते भरण्याची जबाबदारीही मालकावरच होती. ब्रिटनमध्ये २००८ पासून मालकाला प्रायोजकाचा परवाना घ्यावा लागतो आणि गैरव्यवहार आढळल्यास तो रद्द होतो. जर्मनीत अनेक नेमणुकांना संघीय रोजगार संस्थेची संमती लागते, आणि ती देताना परदेशी माणसाला जर्मन सहकाऱ्यापेक्षा कमी वेतन मिळत नाही ना, हे पाहिले जाते.

मराठी तरुणांचा आता याच व्यवस्थेशी संबंध येतो आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. हरियाणात तर जानेवारी २०२४ मध्ये रोहतक येथे इस्रायलमधील बांधकामांसाठी कामगारांची भरती झाली. युद्ध सुरू असलेल्या देशात जाण्यासाठी तरुण रांगा लावून उभे होते.

बाहेर जाणाऱ्या भारतीयांची गोष्ट आली, की भारत सरकारही मालकाला धरते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत, दहावीपेक्षा कमी शिकलेल्या कामगाराला आखाती देशांत नेऊ इच्छिणाऱ्या परदेशी मालकाची नोंदणी ई-मायग्रेट या प्रणालीत केली जाते, आणि करारातील वेतन व अटी तपासल्या जातात. मालक पळाला, पारपत्र काढून घेतले, वेतन बुडविले, अशा शेकडो तक्रारींतून ही काळजी आली.

बांधून ठेवणारा व्हिसा

भारतात आलेल्या परदेशी कर्मचाऱ्याबाबत ही काळजी क्वचितच व्यक्त होते. त्याचे वेतन मोठे असते, हे त्याचे एक कारण. पण एम्प्लॉयमेंट व्हिसा विशिष्ट कंपनीशी बांधलेला असतो. मूळ कंपनी आणि तिची उपकंपनी यांच्यातील बदलीसारखे अपवाद वगळता भारतात राहून दुसऱ्या कंपनीत जाता येत नाही. मानेसरमधील एका कारखान्यातील अभियंत्याला शेजारच्या कारखान्याने बोलावले, तरी त्याला आधी मायदेशी जाऊन नवा व्हिसा आणावा लागतो. वरिष्ठांशी बिनसले, काम संपले वा कंपनीने हात काढून घेतला, तर नोकरीबरोबर येथे राहण्याचा आधारही जातो. मुलांची शाळा आणि घराचा करार हेही त्याच कागदावर अवलंबून असतात.

१ सप्टेंबर २०२५ पासून आप्रवास आणि विदेशी नागरिक कायदा, २०२५ लागू झाला. त्याने १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार जुने कायदे रद्द केले. व्हिसाच्या अटींचा भंग करणाऱ्या परदेशी नागरिकास तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि तीन लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद या कायद्यात आहे. चुकीच्या प्रकारच्या व्हिसावर काम करणे हाही अटींचा भंगच. कोणत्या व्हिसावर माणूस बोलवायचा, हे बहुधा कंपनीचे मनुष्यबळ खाते ठरविते. पारपत्र मात्र त्या माणसाच्या नावावर असते.